गुंड्याचा बा रजेवर येणार होता

आक्का, तुझं एक वाक्य पुसायचं की ठेवायचं, यावरून तुझ्या माघारी तुझ्या लेकीचं आणि माझं वाजलं. परवा तेरावा झाला. पाहुणे पांगले, मोठी पातेली ज्यांची त्यांच्या घरी गेली, आणि वैशाली मला म्हणाली, मामा, आईच्या आवाजातला एक शब्दसुद्धा कमी करायचा नाही, सांगून ठेवते. मी म्हणालो, तुझ्या आईनंच ते पुसायला सांगितलंय. त्यावर ती म्हणाली, आई आता नाही, तिचं जे राहिलंय ते मी पुसू देणार नाही. मी गप्प बसलो. मी गप्प बसलो म्हणजे मला पटलं असं नसतं, हे तुला माहीत आहे. तिला अजून माहीत नाही.

गंमत बघ. तू होतीस तोवर हेच भांडण मी तुझ्याशी घालत होतो, आणि तेव्हा माझं म्हणणं अगदी आजच्या वैशालीचं होतं. आता तू गेलीस आणि मी तुझ्या बाजूनं भांडायला उभा. आज दुपारी ते मिटलं. कसं मिटलं ते तुला सांगायला बसलोय. पण मला कुठलीही गोष्ट मुळापासून सांगायची खोड आहे, तेव्हा जरा कळ काढ.

पाचगणीच्या कुठल्याशा शाळेत एक जपानी कुटुंब राहून गेलं होतं. जाताना मागे टाकलेल्या सामानात व्हिडिओ कॅसेटींचं एक खोकं होतं, ते फिरत फिरत वाईला शंकरकाकांकडे आलं. शंकरकाका म्हणजे आपल्या भागाचे केबलवाले. स्वतःच्या चॅनेलवर दुपारचं काय दाखवायचं, या विवंचनेत कायम. त्यांनी कॅसेट लावली तर जपानी कार्टून. भाषा कुणाला कळेना. त्यात जपानच्या कॅसेटचं आणि आपल्याकडच्या टीव्हीचं रंगाच्या बाबतीत जमत नसे, त्यामुळे चित्र काळंपांढरं, आणि वर मुंग्या. काका ते खोकं भंगारात देणारच होते. आपण दोघं नेमके केबल बंद पडल्याची तक्रार करायला गेलो होतो. तू उभ्या उभ्या थोडा वेळ बघितलंस आणि म्हणालीस, "काका, ह्येला मी बोलते."

काकांनी तुला वेड्यात काढलं नाही, हे त्यांचे उपकार. कॉलेज सुटलं की तू त्यांच्या माडीवर यायचीस. एका व्हीसीआरवरून दुसऱ्यावर चित्र उतरवायचं आणि जपानी आवाजाच्या जागी माईकची तार खुपसायची. बटणं माझ्याकडे, तोंड तुझं. बर्फाच्या डोंगरातलं एक लहान रेल्वे स्टेशन, तिथला म्हातारा स्टेशनमास्तर, त्याची सून आणि नातू. नातवाला मालधक्क्यावर पत्र्याचा एक यंत्रमानव सापडतो आणि दोघांची गट्टी जमते. एवढं चित्रावरून कळत होतं. बाकी सगळं तू रचलंस. पोराचं नाव गुंड्या ठेवलंस, यंत्रमानवाचं डबडं. म्हातारा तू, सून तू, गुंड्या तू, डबडंही तूच. जपानी माणसं तोंड उघडायची आणि आतून वाईची बोली बाहेर पडायची. म्हातारा रुळावरचा बर्फ ओढता ओढता सुनेला म्हणायचा, "आगं, च्या ठिवलास का न्हाई?" आणि मी बटण सोडून हसत बसायचो. मग ते सगळं पुन्हा.

गुंड्याचा बाप कुठे दिसत नव्हता. दुसऱ्या मुलखातल्या माणसाला प्रश्न पडला असता, बाप मेला की काय, की टाकून गेला. आपल्याला तो पडलाच नाही. बाप घरात नाही म्हणजे फौजेत. आपले आबा तेव्हा सरहद्दीवर कुठेतरी होते, आणि गल्लीतल्या निम्म्या घरांत हीच तऱ्हा होती. गुंड्याचा बाप कुठे आहे, हे तू मला विचारलं नाहीस आणि मीही तुला विचारलं नाही. ते ठरलेलंच होतं.

त्यातूनच ते वाक्य आलं. गुंड्या रोज संध्याकाळी घरी यायचा, कोनाड्यातल्या एका चौकटीपुढे गुडघे मोडून बसायचा, छोटी घंटा वाजवायचा आणि हात जोडायचा. उदबत्तीचा धूर वर जायचा. चौकटीत काय आहे ते दिसत नव्हतं, नुसता पांढरट डाग. घंटा आहे, उदबत्ती आहे, हात जोडलेत, मग तो देव्हाराच. तू गुंड्याच्या तोंडी घातलंस, "देवा, माज्या बाला लौकर रजा मिळू दे." जवळजवळ प्रत्येक भागात हा प्रसंग होता आणि प्रत्येक भागात तू हेच म्हणालीस.

पुढे काय झालं ते वाईतल्या आपल्या वयाच्या माणसांना अजून आठवतं. पोरं टीव्हीपुढे हात जोडून तुझ्याबरोबर ते म्हणायला लागली. समोरच्या सुशीलाकाकूंचा नवरा तेव्हा आसामात होता. त्या एकदा घरी येऊन तुला विचारत होत्या, गुंड्याचा बा नक्की कधी येणार, पोरं जीव काढतात. तू बेधडक सांगून टाकलंस, दिवाळीला. मी तुला आत ओढून म्हणालो, खोक्यात आता थोड्याच कॅसेटी उरल्यात आणि त्यात बाप कुठे आहे? तू म्हणालीस, बघू.

शेवटच्या कॅसेटमध्ये स्टेशनात एक गाडी येते. धुरातून एक माणूस उतरतो, अंगात लांब कोट, आपल्याकडे पाठ. गुंड्या त्याच्याकडे धावत जातो आणि कॅसेट संपते. पुढची आपल्याकडे नव्हतीच. तो माणूस कोण, देव जाणे. तू माईक तोंडाशी धरलास आणि ओरडलीस, "बा आला! आज्या, माजा बा आला!" त्या दिवशी आपल्या गल्लीत टाळ्या पडल्या. सुशीलाकाकूंनी पदर डोळ्याला लावला. मला तेव्हा वाटलं, माझ्या बहिणीला सगळं करता येतं. खरं सांगायचं तर ते वाटणं पुढेही फारसं कमी झालं नाही. तुझ्यासमोर तसं कधी म्हणालो नाही, एवढंच.

मग तुझं लग्न झालं. दाजीही फौजीच. तू वाईतच राहिलीस, मी सांगलीला आलो आणि लोकांच्या लग्नाच्या जुन्या कॅसेटी नव्यानं उतरवून देण्याचं दुकान थाटलं. मार्केट यार्ड जवळ, त्यामुळे हळदीच्या हंगामात माझ्या मशिनांवरसुद्धा पिवळी धूळ बसते. इतक्या वऱ्हाडांचे इतके रुसवेफुगवे मी साफ करून दिले, पण शंकरकाकांनी जाताना माझ्या हवाली केलेल्या तुझ्या कॅसेटी कपाटात तशाच होत्या. बुरशी लागू नये म्हणून अधूनमधून ऊन दाखवायचो, तेवढंच.

आणि मग ती मालिका जपानात नव्यानं निघाली. मूळ फिल्म धुऊन, ओरखडे काढून, एकेक चित्र मोठ्या टीव्हीसाठी नव्यानं उतरवलेलं. मी डिस्कचा संच मागवला. पहिला भाग लावला आणि आक्का, मला घामच फुटला. रंग होते! बर्फावर संध्याकाळचं ऊन पडलं की निळसर सावल्या पडत होत्या. डबड्याच्या पत्र्यावर गंज होता. म्हाताऱ्याच्या कानात केस होते. गुंड्याची टोपी हिरवी आहे असं तू पोरांना ठासून सांगितलं होतंस, ती लाल निघाली. मी लगेच तुला फोन केला. तू म्हणालीस, "मग धुऊन लाल झाली आसंल."

तेव्हाच ठरलं की ह्या स्वच्छ चित्राखाली तुझा जुना आवाज बसवायचा. बोलायला सोपं. जुनी कॅसेट जरा हळू चालायची, त्यामुळे तू बोलायला लागायचीस तोवर म्हाताऱ्याचं तोंड मिटलेलं असायचं. एकेक वाक्य कापून जागेवर आणावं लागलं. माडीवरच्या पंख्याची घरघर तुझ्या प्रत्येक शब्दामागे होती. मी ती पार काढून टाकली तर तुझा आवाज हौदात बसून बोलल्यासारखा यायला लागला. मग थोडी घरघर परत आणली. मध्येच खालच्या बोळातून मेथीवाली ओरडत जाते, ती तशीच राहू दिली. जपानच्या डोंगरात मेथी येत असेल नसेल, वाईला येत होती.

दहाबारा भाग जमल्यावर तुला बोलावलं. तू एसटीनं आलीस, येताना पिशवीभर स्ट्रॉबेरी घेऊन, आणि निम्म्या वाटेतच चेपल्या म्हणून कंडक्टरला बोल लावत. दुकानातल्या मोठ्या टीव्हीपुढे खुर्ची ओढून बसलीस. स्वतःचा विशीतला आवाज ऐकून पदर तोंडाला लावलास. मी बाजूला बसून आवाज ओठांवर बसतोय की नाही, एवढंच बघत होतो. कोनाड्याचा प्रसंग आला. तुझं वाक्य झालं. आणि तू म्हणालीस, "थांबीव."

मी थांबवलं.

"ह्यो देव न्हाई रं, सुन्या."

"मग कोन हाय?"

"त्येचा बा हाय."

मी उठून जवळ गेलो. एवढे दिवस तो प्रसंग मी मागेपुढे करत होतो, पण माझे डोळे पोराच्या ओठांवर. चौकटीत फोटो होता. रेल्वेची टोपी घातलेला तरुण माणूस, गुंड्याच्याच भुवया. खालची इंग्रजी सबटायटलं मी तोवर बंद ठेवली होती, ती चालू केली. पहिल्या भागात गुंड्या फोटोला एवढंच म्हणत होता, मी घरी आलोय. दुसऱ्यात, आज शाळेत डबडं बर्फात पडलं. तिसऱ्यात, आईला खोकला झालाय. एकाही भागात तो कुणाकडे काही मागत नव्हता.

तू बराच वेळ तो फोटो बघत राहिलीस. मग म्हणालीस, ही सगळी वाक्यं काढ, मी नव्यानं बोलते. मी उडालोच. म्हणालो, तुझा आवाज आता पन्नाशी ओलांडलेला, तो तुझ्याच विशीतल्या आवाजाशेजारी गुंड्याच्या तोंडी कसा बसवायचा? आणि लोक ज्या वाक्यासाठी हे बघणार तेच काढायचं? मी दोन्ही ठेवायला तयार होतो. डिस्कवर दोन आवाज ठेवता येतात, ज्याला जो हवा तो त्यानं ऐकावा. तुला ते मान्य नव्हतं. मी चिडून विचारलं, ज्या पोरांना तू बा आणून दिलास, त्यांच्या हातून तो परत काढून घेणार का?

तेव्हा तू जे बोललीस ते मी जसंच्या तसं लिहितो. "फोटोफुडं बसून मानूस देवाकडं रजा मागत न्हाई रं. तो त्येच्यासंगंच बोलत आसतो. मी रोज सकाळी तुज्या दाजींच्या फोटोला काय सांगते? नळाला पानी आलं का न्हाई. वैशूचा फोन आलता का न्हाई. त्या पोराचं बोलनं आपुन मधीच तोडलंय. त्येला बोलू दे."

मी म्हणालो, दाजींचं वेगळं आणि कार्टूनचं वेगळं.  तू चहा अर्धाच ठेवून उठलीस. स्टँडवर सोडायला आलो तर खिडकीतून म्हणालीस, माईक चांगला आणून ठेव, पुढच्या खेपेला येते ती बोलायलाच येते. त्यानंतर फोनवर आपण दोघंही त्या विषयाच्या कडेकडेनं बोलत राहिलो. तू विचारायचीस, माईक आणलास का. मी म्हणायचो, बघतोय. खरं तर माईक दुकानात होताच. तुला थकवायचा माझा बेत होता. तू थकणारी नव्हतीस, आणि मीही नव्हतो. अजून एकदोन महिने सहज गेले असते असे.

ते गेले नाहीत. सकाळी देवाला फुलं काढता काढता तू गेलीस, असं वैशालीनं फोनवर सांगितलं. त्या दिवसाचं मला लिहिता येत नाही.

तेराव्याचं मात्र लिहितो. सांगलीहून निघायला उशीर झाला. घरात पोचलो तर दाजींच्या फोटोशेजारी तुझा फोटो, ताजा हार, पुढे समई. वैशाली म्हणाली, मामा, नमस्कार कर. मी हात जोडले, डोळे मिटले, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? आक्का, साताऱ्याच्या अलीकडं रस्त्याचं काम चाललंय, म्हनून उशीर झाला. तुझ्या आत्म्याला शांती मिळो वगैरे काही नाही. रस्त्याचं काम. मग सांगितलं की सांगलीत उकाडा लय वाढलाय. मग सांगितलं की डावा गुडघा पुन्हा दुखायला लागलाय. सगळं सांगून झाल्यावर डोळे उघडले आणि तिथेच मी तुझ्या बाजूला आलो. मागच्या माणसांची रांग खोळंबली होती, म्हणून उठलो, नाहीतर अजून बसलो असतो.

त्याच संध्याकाळी वैशालीनं ते बजावलं. तिचंही चुकत होतं असं नाही. तिला आईचा आवाज हवा होता, जेवढा आहे तेवढा सगळा. त्या दिवसापर्यंत मलाही तोच हवा होता.

आज ती मिरजेला तिच्या घरी परत आली आणि तिथून थेट दुकानात. पर्स अजून खांद्यालाच होती. मी तिला काही समजावलं नाही. पहिल्या भागातला तो प्रसंग लावला, आवाज पूर्ण बंद करून. गुंड्या दारात चपला काढतो, कोनाड्यापुढे बसतो, घंटा वाजवतो, हात जोडतो. त्याचे ओठ हलतात. फोटोतला माणूस त्याच्याकडे बघत असतो. वैशालीनं ते पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. ती पर्सचा पट्टा हातात धरून उभीच होती. तू पुढच्या खेपेला कशाला येणार होतीस, ते तेव्हा मी तिला सांगितलं. दाजींना रोज काय सांगायचीस तेही सांगितलं. ते तिला माहीत होतं. रोज ऐकायची म्हणे, लहानपणी नव्हे, अलीकडे, माहेरी आली की. आतल्या खोलीतून.

मी म्हणालो, तू बोल गं, तुझा आवाज आईसारखाच आहे. ती म्हणाली, म्हणूनच नको. मला तो ऐकवणार नाही. मग खुर्चीत बसली आणि म्हणाली, "तू म्हण, मामा. आईची बटणं तूच दाबायचास ना. म्हण."

तुझ्या सगळ्या कॅसेटींत माझा एक शब्द नाही. मी माईकपुढे बसलो. माझा हा घोगरा, तंबाखूनं बसलेला आवाज, आणि समोर लाल टोपीतलं आठनऊ वर्षांचं पोर. चित्र सुरू केलं. घंटा झाली. हात जोडले गेले. मी म्हणालो, "बा, आलो."

एवढंच. ते त्या पोराच्या ओठांवर नीट बसलंसुद्धा नाही, जरा मागे पडलं. मी दुरुस्त करायला गेलो तर वैशालीनं माझा हात धरला. म्हणाली, राहू दे. मग दोघंही रडलो, दुकानाचं शटर उघडं आणि बाहेर हळदीच्या पोत्यांचा टेम्पो लागलेला.

वैशालीसाठी जुन्या कॅसेटी जशाच्या तशा तिच्याकडे दिल्यात. त्यांतला शब्दही कुणी काढणार नाही. नव्या चित्रावर मात्र कोनाड्यापुढे तुझ्याऐवजी मी बोलणार, भागामागून भाग. बाकी म्हातारा, सून, डबडं, गुंड्या, सगळं तुझंच. शेवटचा भाग, तो लांब कोटवाला, त्याला मी हात लावलेला नाही. नव्या चित्रात तो चांगला ओळखू येतो. नुसता तिकीट तपासनीस आहे. गुंड्या त्याच्याकडे टपालाची थैली आणायला धावतो. तिथं तुझं "बा आला" ठेवायचं की नाही, यावर आपलं भांडण व्हायचं राहिलं. मी ते ठेवावं म्हणतोय. तू काय म्हणाली असतीस ते मला खरंच माहीत नाही, आणि हे मला झोंबतंय.

पण कोनाड्याचं तुझं बरोबर होतं, आक्का. हे तुला तोंडावर सांगायचं राहून गेलं, असं मी म्हणणार नाही. तोंडावर मी ते जन्मात कबूल केलं नसतं. आज करतोय. हे ऐकून तू खुर्चीत मागे रेलून, मला खिजवत, जे काही हसली असतीस, त्यासाठी वैशालीच्या हाती देण्याआधी मी सगळ्या कॅसेटी पालथ्या घातल्या. त्यांत गुंड्या हसतो, म्हातारा हसतो, सून पदराआड हसते. तू कुठेच नाहीस.